१०८ ला फोन लावला, आता पुढे काय?

ग्रामीण भागातल्या वाचकांकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा की १०२? ‘गाडी निघाली आहे’ असे सांगतात, पण वाट किती वेळ पाहायची? थांबण्यापेक्षा गावातलीच जीप काढलेली बरी का? आणि गाडी वेळेत आलीच नाही, तर जाब विचारायचा कुणाला?

उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. गाडी दारात किती मिनिटांत आली, यापेक्षा रुग्णावर योग्य उपचार किती मिनिटांत सुरू झाले, याला महत्त्व आहे. थांबायचे की निघायचे, कुठे न्यायचे, कुणाला फोन करायचा, हे सगळे निर्णय याच एका प्रश्नावर तपासून पाहा. यातला काही वेळ तुम्ही वाचवू शकता. उरलेल्या वेळेची जबाबदारी शासनाची आहे आणि तिचा हिशेब मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वेळ जातो कुठे?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यातल्या २३३ मध्ये अतिगंभीर रुग्णासाठी लागणारी प्रगत यंत्रसामग्री होती आणि ७०४ मध्ये प्राथमिक जीवरक्षक सोयी होत्या. शहरात साधारण २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोहोचायचे, असे उद्दिष्ट ठरले. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत. त्या हिशेबाने तालुक्याच्या वाट्याला सरासरी दोन-तीन गाड्या येतात आणि त्यातही बऱ्याच शहरांतच उभ्या असतात.

त्यामुळे तुमच्या जवळची गाडी दुसरा रुग्ण घेऊन जिल्हा रुग्णालयाकडे गेलेली असेल, तर तुमच्यासाठी पलीकडच्या तालुक्यातून गाडी निघते. ग्रामीण भागातल्या उशिराचे हे मोठे कारण आहे. बाकीची कारणे तुमच्या परिचयाची आहेत: वाडीपर्यंत रस्ता नसणे, पावसाळ्यात फरशीवरून पाणी जाणे, मोबाइलला रेंज नसणे आणि पत्ता न सापडणे. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा रस्ताच बंद होतो. तिथे गाडी कितीही चांगली असली, तरी तिला वेळेत पोहोचता येत नाही.

कोणता क्रमांक कशासाठी?

- १०८: कोणतीही तातडीची वैद्यकीय गरज. अपघात, छातीत दुखणे, सर्पदंश, विषबाधा, भाजणे, बेशुद्धी, अडलेले बाळंतपण. गाडीत डॉक्टर असतो. सेवा २४ तास आणि मोफत आहे.
- १०२: गरोदर माता, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचे आजारी बाळ. ही गाडी बहुतेक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रात उभी असते. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या रुग्णालयात आणि उपचारांनंतर परत घरी, असा तिन्ही वेळचा प्रवास मोफत असतो.
- १०४: आरोग्यविषयक सल्ला आणि माहिती. गाडी तातडीने हवी असेल, तर इथे वेळ घालवू नका.
- ११२: पोलीस, आग किंवा अपघात अशा प्रसंगी एकत्र मदत हवी असेल तेव्हा.
- १०३३: राष्ट्रीय महामार्गावरचा अपघात. टोलनाक्यांवरच्या रुग्णवाहिका या क्रमांकावरून मिळतात.

बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आहेत आणि १०२ ची गाडी बाहेर गेली आहे, असे झाले तर लगेच १०८ लावा. गरोदर बाई म्हणजे १०२ च, असा काही नियम नाही.

फोनवर काय सांगाल?

घाबरलेला माणूस ‘लवकर या, पेशंट सीरियस आहे’ एवढेच सांगतो आणि फोन ठेवतो. वडगाव, पिंपळगाव, ठाकरवाडी या नावांची गावे कितीतरी तालुक्यांत आहेत. पत्ता अर्धवट सांगितला, तर पुढची दहा मिनिटे पत्ता शोधण्यात जातात. म्हणून या क्रमाने सांगा:

1. जिल्हा, तालुका, गाव, वाडी. मोठ्यापासून लहानाकडे या.
2. ठळक खूण. शाळा, दूध डेअरी, मंदिर, पाण्याची टाकी. महामार्गावर असाल, तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कोणत्या गावाकडे जाणारी बाजू.
3. काय झाले आहे. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, रक्त वाहते आहे का.
4. रुग्णाचे वय. बाई असेल, तर गरोदर आहे का आणि कितवा महिना.
5. रस्त्याची अडचण. ओढ्याला पाणी, पडलेले झाड, गाडी येत नसेल तर शेवटी कुठवर येईल.

उदाहरणार्थ: ‘अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुका. राजूरहून भंडारदऱ्याकडे येताना ठाकरवाडीचा फाटा आहे. फाट्यावर शाळा आहे, तिथून आत एक किलोमीटर. पन्नास वर्षांचा माणूस झाडावरून पडला आहे. शुद्धीवर आहे, पण पाय हलवता येत नाहीत. गाडी शाळेपर्यंतच येईल. आमचा माणूस बॅटरी घेऊन तिथे उभा राहील.’ एवढे बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: गाडी कुठून निघते आहे, किती वेळ लागेल आणि नोंद क्रमांक काय. चालकाचा फोन आला की त्याच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपने लोकेशन पाठवा. ज्या फोनवरून नोंद केली, तो मोकळा ठेवा. नातेवाइकांशी बोलायला दुसरा फोन वापरा.

इथे हमखास चुका होतात

- पाच जणांनी पाच फोनवरून एकच घटना वेगवेगळ्या खुणा सांगून कळवणे. त्यामुळे नियंत्रण कक्षाचा गोंधळ होतो.
- दुसरी गाडी मिळाल्यावर १०८ ला न कळवणे. तुमच्यासाठी निघालेली गाडी मग दुसऱ्या रुग्णाला मिळत नाही.
- राज्याच्या सीमेजवळच्या गावातून फोन करणे आणि आपण कोणत्या राज्यात आहोत, हे न सांगणे. शेजारच्या राज्याचा टॉवर पकडला, तर फोन तिकडच्या कक्षात लागू शकतो. तिथे पहिलेच वाक्य ‘मी महाराष्ट्रातून बोलतोय’ हे असू द्या.

थांबायचे की निघायचे?

खरी कसोटी इथेच लागते. हिशेब सोपा आहे. गाडी यायला लागणारा वेळ आणि तिथून रुग्णालयात पोहोचायला लागणारा वेळ यांची बेरीज करा. आपल्या वाहनाने थेट गेलात तर किती वेळ लागेल, ते तिच्याशी ताडून पाहा. पण आजार कोणता आहे, त्याप्रमाणे उत्तर बदलते.

थांबा, रुग्णाला हलवू नका:

- झाडावरून, विहिरीत किंवा छपरावरून पडलेला माणूस, मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका.
- रस्ते अपघातातला गंभीर जखमी. आग, पाणी किंवा भरधाव वाहतुकीचा धोका असेल, तरच बाजूला घ्या.

अशा रुग्णाला उचलावेच लागले, तर मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी मिळून रुंद फळीवर घ्या. झोळीत किंवा दुचाकीवर बसवून नेऊ नका.

उशीर दिसत असेल, तर निघा:

- सर्पदंश: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी फोन करून सर्पदंशावरचे इंजेक्शन आहे का, विचारा. असेल तर तिथेच जा, तिथून पुढे नेता येते. चावा घेतलेला अवयव हलू देऊ नका. घट्ट दोरी बांधणे, जखम चिरणे, विष चोखणे यातले काहीही करू नका. साप पकडून सोबत नेण्याची गरज नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर आपल्याकडचे इंजेक्शन एकच असते. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.
- छातीत दुखणे, दरदरून घाम: रुग्णाला चालवू नका. ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात न्या. १०८ वरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणतीही गोळी देऊ नका.
- पक्षाघात: चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलत नाही, जीभ जड झाली, तर लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे १०८ ला विचारा आणि थेट तिकडे निघा.
- बाळंतपण: खूप रक्त जाणे, फेफरे येणे, हात किंवा नाळ आधी बाहेर येणे, यात वाट पाहू नका.
- कीटकनाशकाची विषबाधा: अंगावरचे कपडे काढा, त्वचा पाण्याने धुवा. उलटी करायला लावू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घ्या. डॉक्टरला त्यावरून औषध ठरवता येते.

तिसरा मार्ग: वाटेत भेटा. गाडी पन्नास मिनिटांवर असेल, तर चालकाशी बोलून रस्त्यातले एक ठिकाण ठरवा. तुमची जीप इकडून निघते, रुग्णवाहिका तिकडून येते. भेटीच्या ठिकाणी रुग्ण गाडीत बदलला की ऑक्सिजन आणि डॉक्टर दोन्ही लवकर मिळतात. अट एकच: दोघे एकाच रस्त्यावर असायला हवेत. रस्त्याला फाटे असतील, तर कोणत्या मार्गाने येणार हे आधीच ठरवून घ्या. नाहीतर दोन गाड्या चुकतात आणि वेळ दुप्पट जातो.

गाडी येईपर्यंत

- फोन स्पीकरवर ठेवून १०८ वरच्या सूचना ऐका.
- रुग्ण बेशुद्ध आहे आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि लयीत दाब द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात साधारण पाच सेंटीमीटर खोल. थकलात की दुसऱ्याने लगेच सुरू करा.
- रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा.
- बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीच्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधे एका पिशवीत घाला.
- फाट्यावर एक माणूस पाठवा. रात्र असेल, तर त्याच्या हातात बॅटरी द्या.

कुठे नेतील आणि पैसे किती?

१०८ आणि १०२ या दोन्ही सेवांचे एक पैसाही भाडे नसते. डिझेल, टोल किंवा ‘चहापाणी’ यासाठी कुणी मागितले, तर देऊ नका आणि तक्रारीत तसे लिहा. १०८ ची गाडी रुग्णाला जवळच्या योग्य रुग्णालयात नेते. ओळखीच्या डॉक्टरकडे शहरात न्या, असा आग्रह धरू नका. त्यात रुग्णाचा वेळ जातो आणि मागच्या दुसऱ्या रुग्णाची गाडी अडते. मृतदेह नेण्याची सोय या सेवेत नाही. त्यासाठी शववाहिका वेगळी मागवावी लागते.

खासगी रुग्णवाहिका घेणार असाल, तर निघण्याआधी भाडे ठरवा. त्यांचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते. दरपत्रक दाखवायला सांगा आणि पावती घ्या. चालक ठरावीक खासगी रुग्णालयाचाच आग्रह धरू लागला, तर सावध व्हा.

एका रुग्णालयातून दुसरीकडे नेताना पाठवणीचे पत्र हातात असल्याशिवाय निघू नका. त्यात दिलेली औषधे आणि वेळ लिहिलेली असावी. पुढच्या रुग्णालयाला डॉक्टरांनी फोन केला आहे का, तिथे खाट आणि तज्ज्ञ आहेत का, हे विचारा. हे न विचारल्याने एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहावे लागते.

तुमचे हक्क

- तातडीचे उपचार: परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसांची कागदपत्रे त्याच्या आड येऊ शकत नाहीत. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे, असे ठरवले. ‘आधी पैसे भरा’ म्हणून गंभीर रुग्णाला दारात अडवले, तर हे दोन निकाल तुमच्या बाजूने आहेत.
- मदत करणाऱ्याला संरक्षण: अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोहोचवले, तर पोलीस मागे लागतील या भीतीने लोक पुढे निघून जातात. ही भीती आता सोडा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालयही त्याला अडवून ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडून बिल मागू शकत नाही.
- रस्ते अपघातात रोखरहित उपचार: मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत मिळतात.
- माता आणि बाळ: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून सुरू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि वाहतूक मोफत आहे.

आजच करून ठेवायची तयारी

अडचण आल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा पुढची यादी घराच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा:

1. रात्री-अपरात्री गाडी काढतील अशा तीन चालकांचे नंबर. पहिला नसेल तर दुसरा.
2. जवळचे आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांचे थेट नंबर. सर्पदंशाचे इंजेक्शन, रक्तसाठा, सिझेरियन आणि सीटी स्कॅन यातले कुठे काय मिळते, तेही लिहा.
3. रेंज मिळणारी जागा. डोंगराळ वाड्यांत ती एखाद्या टेकाडावर किंवा झाडाखाली असते. ती मुलांनाही माहीत हवी.
4. गावातल्या गरोदर मातांच्या बाळंतपणाच्या तारखा. आशाताईंकडे ही नोंद असते.
5. बाज, फळी, घोंगडी आणि दोन बांबू. गाडी येत नाही अशा वाडीत रुग्णाला रस्त्यापर्यंत आणायला ते तयार हवेत.

दुर्गम आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघर असते. बाळंतपणाची तारीख जवळ आली की गरोदर बाई लहान मूल आणि एका नातेवाइकासह तिथे येऊन राहू शकते. ज्या वाडीचा रस्ता पावसाळ्यात तुटतो, तिथल्या बाईने जुलै-ऑगस्टमध्ये कळा सुरू होण्याची वाट पाहू नये. चार दिवस आधी माहेरघरात गेलेल्या बाईला रुग्णवाहिकेची वाट पाहावी लागत नाही. घरात सासूबाईंचा विरोध असेल, तर आशाताई आणि परिचारिकेला घरी बोलावून त्यांच्याशी बोलू द्या.

उशीर झाला, तर दाद कुठे मागाल?

रुग्ण सुखरूप घरी आला की लोक तक्रार सोडून देतात, आणि दगावला तर कुटुंबात तक्रार करण्याचे त्राण उरत नाही. दोन्ही वेळी शेजाऱ्याने, सरपंचाने किंवा गावातल्या शिकलेल्या मुलाने हे काम अंगावर घ्यावे. तक्रार नोंदवली गेली नाही, तर कागदावर त्या गावाला गाडी वेळेवरच पोहोचलेली असते.

- पुरावा: फोनमधल्या कॉलच्या नोंदीचे छायाचित्र, नोंद क्रमांक, गाडी आली ती वेळ, गाडीचा नंबर, रुग्णालयातल्या भरतीची वेळ.
- १०८ बद्दल: जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार. पोच घ्या.
- १०२ आणि आरोग्य केंद्राबद्दल: तालुका आरोग्य अधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी.
- ऑनलाइन: ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरची तक्रार निवारण सोय.
- माहितीचा अधिकार: फोन आल्याची, गाडी निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, तसेच गाडीची जीपीएस नोंद मागा. शुल्क १० रुपये आहे, कोर्ट फी स्टँप चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. माहिती कुणाच्या जीविताशी संबंधित असेल, तर मुदत ४८ तासांची आहे.

ग्रामसभेत हा विषय घ्या. एकट्याच्या तक्रारीवर एक उत्तर येते आणि फाईल बंद होते. ठराव केला, तर अधिकाऱ्याला त्याची दखल घ्यावी लागते. ठरावात मोघम ‘आरोग्यसेवा सुधारा’ असे लिहू नका. आरोग्य केंद्राच्या गाडीला रात्रपाळीचा चालक नाही, अमुक फरशी पावसाळ्यात पाण्याखाली जाते, गाडीचा थांबा तालुक्याऐवजी अमुक फाट्यावर असावा, असे नेमके लिहा. गेल्या सहा महिन्यांतल्या उशिराच्या घटना तारखेनिशी जोडा. प्रत तहसीलदार, जिल्हा परिषद सदस्य आणि आमदारांना पाठवा. गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला दरवर्षी थोडा अबंधित निधी मिळतो. गरीब रुग्णाला तातडीने नेण्यासाठी तो वापरता येतो. समितीच्या बैठकीला जा आणि हा खर्च मांडा.

रस्ता, गाडी, चालक आणि डॉक्टर वेळेवर मिळणे हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. तो मागत राहा. आणि तो पूर्ण मिळेपर्यंत आपल्या माणसांचा वेळ वाया जाऊ देऊ नका. हा लेख वाचून झाल्यावर एक काम करा: तीन चालकांचे आणि तीन रुग्णालयांचे नंबर कागदावर लिहा, तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलाकडून १०८ ला सांगायचा पत्ता एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.